जुन्या वेस्टर्न सलूनचा खरा इतिहास कसा खणून काढायचा

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुठल्याही जुन्या गावात जा, एखाद्या सलूनवर, म्हणजे तिथल्या जुन्या दारूच्या बारवर, 'अमुक सालापासून' अशी पाटी असणारच, आत भिंतीत बंदुकीच्या गोळीचं भोक पण दाखवतील. फोटो काढून पुढे जायचं असेल तर ठीक आहे, पण खरं काय ते शोधायचं असेल तर आधी एक डोक्यात पक्कं करा: जागा वेगळी, इमारत वेगळी, धंदा वेगळा आणि नाव वेगळं. चारही गोष्टींचं साल वेगवेगळं निघतं आणि पाटीवर अर्थातच सगळ्यात जुनं चढतं.

साउथ डकोटातल्या डेडवूडचंच बघा ना. नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक पत्ते खेळत बसलेला असताना जॅक मॅकॉलने त्याला मागून गोळी घातली, २ ऑगस्ट १८७६, नटल आणि मॅन यांच्या सलूनमध्ये. १८७९ च्या आगीत गावाचा बराच भाग खाक झाला. आज तिथे त्याच सलूनची आठवण सांगणारं 'सलून नंबर १०' आहे, मस्त चालतं, पण ते दुसऱ्याच जागेवर आहे.

म्हणून सुरुवात आगीपासून करा. ही गावं लाकडाची, त्यात कंदील आणि पिंपं भरून व्हिस्की, मग काय होणार. ॲरिझोनातल्या टूमस्टोनला जून १८८१ मध्ये आर्केड सलूनपाशी व्हिस्कीच्या पिंपाने पेट घेतला आणि धंद्याची अख्खी पेठ गेली, पुढच्याच वर्षी मे महिन्यात परत तेच. नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी ऑक्टोबर १८७५ मध्ये जळालं. तुमच्या गावाची आगीची तारीख सापडली आणि सलून त्या जळालेल्या पट्ट्यात येत असेल, तर 'ओरिजिनल इमारत' हा दावा अर्धा तिथेच निकालात निघतो.

पुढचं काम म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे. आगीचा विमा देणाऱ्यांसाठी काढलेले हे नकाशे, कंपनी १८६७ ची, एका इंचात ५० फूट एवढे बारीक. गुलाबी म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळं म्हणजे लाकडी, निळं म्हणजे दगडी. सलूनच्या चौकोनात 'सॅल.' एवढंच लिहिलेलं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ढिगाने फुकट आहेत. एकाच गावाचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी उघडा आणि तुमच्या चौकोनावर नजर ठेवा, पिवळ्याचा गुलाबी झाला की इमारत नवीन, आणि 'सॅल.' जाऊन तिथे किराणा आला की धंदा बंद.

मग काउंटी रेकॉर्डरकडचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयातले, खरेदीखतांचे दप्तर. इथे भलेभले फसतात, कारण खतावर नाव असतं जमीनमालकाचं आणि सलूनवाला बऱ्याचदा भाडेकरू. त्याचं नाव लायसन्सच्या नोंदींत किंवा जनगणनेत मिळतं, १८८० आणि १९०० ची बघा, १८९० ची जवळजवळ सगळीच १९२१ च्या आगीनंतर गेली (परत आग!). ती मधली वर्षं पेपरांनी भरून काढायची. क्रॉनिकलिंग अमेरिका या जुन्या पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात शोधताना सलूनच्या नावापेक्षा मालकाचं आडनाव टाका, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे बदलून, कारण स्कॅनमध्ये अक्षरं काहीच्या काही वाचली जातात. गोळीबाराच्या बातम्या वाचायला भारी, पण कामाच्या म्हणजे 'भागीदारी संपुष्टात' छापाच्या नोटिसा, त्यात तारीख आणि नावं दोन्ही मिळतात.

बारमागचं ते नक्षीदार लाकडी कपाट जवळून बघा. ते जहाजाने केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वळसा घालून आलं ही गोष्ट तर जागोजागी ऐकायला मिळते. त्यावर ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर अशी पट्टी असेल तर ते १८८४ च्या आधीचं नाही, कंपनीचं ते नावच तेव्हापासूनचं. शिवाय कपाटं एका गावातून दुसऱ्या गावात विकली जायची, त्यामुळे कपाटावरून इमारतीचं वय काढू नका.

कागदावर कोण येत नाही याचाही विचार करा. व्हर्जिनिया सिटीतलं बॉस्टन सलून विल्यम ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाचं होतं, २००० साली पुरातत्त्ववाल्यांनी तिथे उत्खनन केलं तर नाजूक काचेचे ग्लास आणि टबॅस्को या तिखट सॉसची जुनी बाटली निघाली, सिनेमातल्या सलूनशी काही संबंध नाही. तुम्ही मात्र स्वतः कुदळ घेऊन जाऊ नका, सरकारी जमिनीवर परवानगीशिवाय असं उकरणं गुन्हा आहे.

आणि कोणी 'एक दिवसही बंद नव्हतं' म्हणालं तर दारूबंदीचं विचारा. देशभर जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३, ॲरिझोनात १९१५ पासूनच, कोलोरॅडोत १९१६ पासून. त्या वर्षांच्या डिरेक्टरीत, म्हणजे गावातल्या नावं-पत्त्यांच्या पुस्तकात, त्याच पत्त्यावर, त्याच मालकाच्या नावाने 'सॉफ्ट ड्रिंक्स' दिसलं, तर आत चोरून दारूच चालू होती का हे बघायला स्थानिक पेपरात धाडींच्या बातम्या शोधायला घ्या.