किट दादाचं, खोकं माझं

आमच्या घरातला नियम सरळ होता. किट दादाचं, खोकं माझं. तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून किटमधल्या सुट्या पार्टचं छोटं विमान जोडत बसायचा आणि मी जमिनीवर बसून झाकणावरचं चित्र बघायचे. चित्रात ढग, धूर, खाली समुद्र आणि तिरकं झेपावणारं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. प्रत्यक्षात आतून निघायची ती राखाडी प्लॅस्टिकची चौकट, तिला लटकलेले पार्ट, पारदर्शक छताचा इवलासा तुकडा आणि पाण्यात भिजवून लावायचे डेकल, म्हणजे कागदावरून सरकवून विमानावर उतरवायची चित्रं. ते डेकल लावायचं काम एकदाच माझ्या वाट्याला आलं. शेपटीवरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या पट्टीतला लाल रंग विमानाच्या नाकाकडे हवा. मी तो मागे लावला. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पन्नाशी उलटल्यावर मी स्वतः किट जोडायला लागले, मग जमवायलाही. लहानपणचं राहून गेलेलं करायचं असणाऱ्या बऱ्याच जणांना हा नाद पुन्हा लागतो, आणि बहुतेक जण पहिली चूक एकच करतात. आठवणीतलं तेच जुनं किट शोधून आणतात आणि लगेच जोडायला घेतात. जुन्या साच्यांमध्ये पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा कोरलेल्या नसून वर उठलेल्या असतात, कडांना प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे सुटलेले असतात आणि पंख धडाला बसतात तिथे नख जाईल एवढी फट राहते. आठवणीत यातलं काहीच नसतं. तेव्हा माझं ऐका. त्याच विमानाचं नव्या साच्यातलं किट आणा, ते आधी जोडा. जुनं खोकं मिळालं तर घ्या, पण हात बसल्यावर उघडा.

नवं खोकं म्हणजे नवा साचा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. पोलादी साचा दशकानुदशकं टिकतो. कंपन्या तोच साचा नवं चित्र, नवे डेकल घालून पुन्हा विकतात, एकमेकींना देतातही. खोक्यावर छापलेलं साल अनेकदा त्या आवृत्तीचं असतं. स्केलमेट्स या संकेतस्थळावर एखादं किट मूळ कधीचं आणि कुणाकुणाच्या खोक्यातून फिरलं याची वंशावळच मिळते. पैसे देण्याआधी ती बघायची.

आकाराचं म्हणाल तर विमानासाठी १/७२ किंवा १/४८, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या किंवा अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं. सहा फुटांचा माणूस १/७२ मध्ये बरोबर एक इंचाचा होतो, म्हणून हा आकडा असा विचित्र. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, तो १/७२ मध्ये सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर होतो आणि १/४८ मध्ये साडेतेवीस. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना १/४८ बरं पडतं, शिवाय कॉकपिटमध्ये बोटं नाही तरी चिमटा तरी शिरतो. रणगाड्यांचं १/३५ हे प्रमाण कुणी मोजून मापून ठरवलेलं नाही. तामिया या जपानी कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत बॅटऱ्या मावतील एवढा तो करावा लागला. नंतर मोजला तर साधारण १/३५ निघाला. आज जगभर रणगाड्यांची बरीच किट त्या बॅटऱ्यांच्या मापाने बनतात, हे मला फार आवडतं.

जुनं खोकं घेताना एकच आग्रह धरा, ते उघडून बघण्याचा. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन शाबूत आहे याला फारसा अर्थ नाही, असं वेष्टन कुणालाही पुन्हा चढवता येतं. मी ‘कधीच न उघडलेलं’ म्हणून घेतलेल्या एका खोक्यात डावा पंख नव्हता. सूचनांच्या कागदावर पार्टचे क्रमांक असतात, ते धरून एकेक मोजा. सगळ्यात आधी पारदर्शक भाग बघा, कारण तो तडकला तर घरी बनवणं अवघड. मग डेकलचा कागद. गाडीचं किट असेल तर टायर कुठे टेकलेत ते बघा. मऊ टायरच्या व्हिनाइलमध्ये ते लवचीक राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षांत बाहेर झिरपतं आणि शेजारचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, विरघळवतं. माझ्याकडच्या एका गाडीची पुढची काच टायरला अशी चिकटली होती की काच कुठे संपते आणि टायर कुठे सुरू होतो ते कळेना. तेव्हापासून गाडीचं खोकं घरी आलं की टायर पहिल्यांदा वेगळ्या पिशवीत जातात.

फार जुन्याच्या मोहात पडणार असाल तर आणखी एक. फ्रॉग या ब्रिटिश कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने १/७२ ची प्लॅस्टिकची किट काढली, ती सेल्युलोज ॲसिटेटची. हे प्लॅस्टिक काळाबरोबर वाकतं. ती कपाटात ठेवायची, जोडायची नाहीत. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं १९५२ चं ‘गोल्डन हाइंड’ जहाज वूलवर्थ्सच्या दुकानांत साध्या पिशवीत, वर कागदाची घडी मारून विकलं जायचं. त्या जमान्यातली कागदाची घडी शाबूत असलेली पिशवी हाती लागली तर स्टेपल काढू नका. आतलं जहाज काही पळून जात नाही.

हत्यारं थोडीच लागतात. प्लॅस्टिक कापायचा चांगला निपर, धारदार कटर, ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर, टोकदार चिमटा, मास्किंग टेप, दोनतीन बरे ब्रश. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं हत्यार, पहिल्या वर्षी घेऊ नका. त्याची साफसफाई हा स्वतंत्र छंद आहे.

पार्ट चौकटीसकट कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पार्ट पिळून तोडायचा नाही. आम्ही पिळूनच तोडायचो आणि प्रत्येक पार्टच्या कडेला खड्डा पडायचा. आधी लांबून कापा, मग राहिलेला देठ जवळून, शेवटी पॉलिश पेपर. सूचनांच्या कागदावर काहीही क्रम दिलेला असो, डिंक लावण्यापूर्वी दोन भाग कोरडेच जुळवून बघा. अर्धी फट इथेच सापडते.

आता डिंक. दादाकडे ट्यूबमधला घट्ट डिंक असायचा. त्याचे धागे निघायचे, बोटांना चिकटायचे आणि विमानाच्या छतावर त्याच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटायचा. तो ठसा पुसला का जात नाही हे मला फार उशिरा कळलं. हा चिकटवणारा डिंक नसतोच. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकच प्लॅस्टिक उरतं. म्हणून रंगवलेले भाग एकमेकांना चिकटवता येत नाहीत, सांध्यावरचा रंग आधी खरवडावा लागतो. आणि म्हणूनच पाण्यासारखा पातळ डिंक, ज्याच्या झाकणालाच बारीक ब्रश असतो, तो घ्या. भाग कोरडे जुळवून धरा, ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. द्रव आपसूक फटीत धावतो. दहा सेकंद थांबून हलकेच दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ वर आली पाहिजे. ती पुसू नका. टेपने बांधून एक दिवस तसंच ठेवा, मग ती रेघ घासून टाका. सांधा दिसेनासा होतो. फक्त धरलेलं बोट सांध्यावर नको, नाहीतर द्रव बोटाखाली शिरतो आणि अंगठा अमर होतो.

पारदर्शक छताला हा डिंक अजिबात नाही. सुपरग्लूही नाही, त्याच्या वाफेने आतून पांढरं धुकं धरतं. तिथे कागदकामाचा साधा पांढरा डिंक वापरा. जास्त झाला तर ओल्या बोळ्याने पुसता येतो. आणि खिडकी उघडी ठेवून बसा, त्या वासात लहानपण असलं तरी.

राहिलेली फट भरायला पुट्टी मिळते, पण कापून उरलेल्या चौकटीचे तुकडे थोड्या पातळ डिंकात रात्रभर विरघळवले की त्याच प्लॅस्टिकची लापशी तयार होते. ती वाळली की पार्टइतकीच कडक, त्यामुळे घासताना खड्डा पडत नाही. वाळायला मात्र दोन दिवस द्या. ज्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली असतं त्याच्या नाकात, धड बंद करण्यापूर्वी, वजन बसवायला विसरू नका. माझं एक जेट अजून शेपटीवर बसतं. त्याला मी काडीचा टेकू दिला आहे आणि दुरुस्ती चालू असल्याचं सांगते. स्पिटफायरचं तिसरं चाक शेपटीलाच असतं, तिथे ही भानगड नाही. कॉकपिट मात्र धड बंद होण्याआधी रंगवून घ्यावं लागतं, नंतर ब्रश पोचत नाही.

रंगाबद्दल मी थोडंच सांगेन, कारण तो हाताने शिकायचा असतो. घरात रंगवणार असाल तर पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक सोयीचे. इनॅमल रंग ब्रशखाली जास्त सपाट बसतो, पण वाळायला वेळ आणि धुवायला थिनर लागतं. कुठलाही असो, एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या आणि अर्धवट वाळलेल्या रंगावरून ब्रश पुन्हा फिरवू नका. फिक्या रंगावर गडद चढवणं सोपं. पिवळा द्यायचा तर खाली आधी पांढरा.

डेकलपाशी मात्र मला थांबावंच लागतं. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो. त्यावर डेकल लावला की खाली हवा अडकते आणि चित्राभोवती चंदेरी चकाकी दिसते. म्हणून आधी चकचकीत पारदर्शक थर द्या, तो पुरा वाळू द्या, मग डेकल लावा आणि सगळ्यात शेवटी मॅट थर. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून डेकल बाहेर ठेवा, एखादं मिनिट जाऊ द्या. कागदावर तो बोटाने सरकतोय असं वाटलं की कागद विमानाजवळ न्या आणि डेकल सरकवत उतरवा, उचलू नका. तो बसवणारं द्रावण वर लावलं की डेकल सुरकुततो आणि काळजाचा ठोका चुकतो. हात लावू नका. वाळता वाळता तो स्वतःच खाली ओढला जाऊन रेघांमध्ये बसतो.

जुन्या खोक्यातला डेकल आधी कोपऱ्यातल्या बिनमहत्त्वाच्या तुकड्यावर तपासा. पाण्यात त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर पारदर्शक लॅकरचा किंवा खास डेकलसाठी मिळणाऱ्या द्रवाचा पातळ थर द्या, म्हणजे फिल्म पुन्हा एकसंध होते. मग मात्र प्रत्येक चित्र कडेकडेने कापून घ्यावं लागतं. पिवळा पडला असेल तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवा, पिवळेपणा बराच उतरतो. आणि शेपटीची पट्टी दोन्ही बाजूंना लाल पुढे. डाव्या बाजूची तशीच्या तशी उजवीकडे नेली की चुकलंच.

जमवलेली खोकी आडवी, मोजकीच एकावर एक ठेवा. खालच्याचं झाकण आठवड्यात नाही, पण वर्षभरात खचतं. माळा, दमट भिंत आणि ऊन टाळा. डेकलचा कागद सपाट, बंद पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुडीसकट. पारदर्शक भाग वेगळ्या पिशवीत, नाहीतर ओरखडे पडतात. जोडलेल्या विमानांवरची धूळ मऊ मेकअप ब्रशने, नाकाकडून शेपटीकडे झटका. फडक्याने पुसलं की अँटेना गेलीच समजा.

मागच्या वर्षी मी ते स्पिटफायर पुन्हा जोडलं, जुन्या खोक्यातलंच, उठलेल्या रेघांसकट. दादाला दिलं. त्याने हातात घेऊन आधी शेपटी बघितली, डावी, मग उजवी. मग विचारलं, “खोकं कुठाय याचं?”

ते माझ्याकडे आहे.