जुन्या एकरंगी लोकरी क्विल्टवरची नक्षी कागदावर कशी उतरवायची

साधारण १७५० ते १८३० च्या काळात अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात गडद निळे, हिरवे, गुलाबी असे एकाच रंगाचे लोकरी क्विल्ट बनायचे. त्यात ठिगळकाम नाही, छपाई नाही, सगळी नक्षी आपल्या गोधडीसारखी धावदोऱ्याची. समोरून फोटो काढला की नुसता निळा चौकोन दिसतो आणि बघणारा पुढे जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर आधी क्विल्ट स्वच्छ चादरीवर सपाट पसरा, खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च कापडाच्या अगदी लगत धरून एका बाजूने मारा. टाका खाली दबलेला आणि मधली लोकर फुगलेली असते, त्यामुळे सावली पडते आणि पिसं, वेली, मोठ्ठाली फुलं एकदम वर येतात. पण प्रकाशाच्याच दिशेने जाणाऱ्या रेघा दिसत नाहीत, म्हणून एक फोटो डावीकडून टॉर्च मारून आणि दुसरा क्विल्टच्या वरच्या कडेकडून मारून, असे दोन हवेतच.

मग जोड शोधा. माग अरुंद असायचे त्यामुळे दोन-तीन पट्टे जोडूनच एवढं मोठं कापड व्हायचं, वेल जोडावरून सरळ पुढे गेली तर क्विल्ट अख्खा एकदम शिवलाय, आणि फूल जोडापाशी अर्ध्यात तुटलं तर बहुतेक आधी तो असाच टाक्यांनी नक्षी केलेला परकर होता, नंतर उसवून क्विल्ट केला. खालचे दोन कोपरे कापलेले असतील तर ती पायथ्याची बाजू, पलंगाच्या खांबांसाठी तशी जागा ठेवायचे.

आता कागदावर दहा-दहा सेंटीमीटरचे चौकोन आखा, फोटोवरही तेवढ्याच हिशोबाने चौकोन टाका आणि आधी मधलं मोठं फूल, मग किनार, शेवटी फुलाभोवतीच्या मोकळ्या जागेतल्या तिरक्या बारीक रेघा काढा, कारण या रेघांनी तिथलं कापड दबतं म्हणूनच फूल उठून दिसतं. अर्धं काढून आरसा-कॉपी मारू नका प्लीज, डावं आणि उजवं पान हुबेहूब सारखं नसतं आणि शिवणाऱ्या बाईच्या हाताचं वळण त्यातच दिसतं.

जुन्या कापडावर पेन, पेन्सिल, खडू काही लावायचं नाही, ही नक्षी पुढे नव्या कापडावर शिवणार असाल तर खडू फक्त त्या कापडावर. आणि धुवायचं तर अजिबात नाही, वरच्या कापडाला बरेचदा गरम दाबाने चकाकी दिलेली असते, ती पाण्याने जाते.