भाड्याच्या घरात बुरशी: घरमालकाला पत्र देण्याआधीची तयारी

भिंतीवरची बुरशी पुसण्याआधी तिचे फोटो काढा. प्रत्येक जागेचे तीन घ्या: पूर्ण खोली दिसेल असा एक, ती भिंत दिसेल असा दुसरा आणि शेजारी मोजपट्टी धरून अगदी जवळून तिसरा. कपाट, पलंग ओढून त्यांच्या मागची बाजूही टिपा. तिथे हवा खेळत नाही, म्हणून बुरशी बऱ्याचदा तिथेच जास्त असते. मूळ फाइली फोनमध्ये तशाच राहू द्या आणि त्यांची एक प्रत दुसरीकडे जपा. मेसेजिंग ॲपवरून गेलेल्या फोटोतून तारखेची मूळ नोंद अनेकदा निघून जाते.

बुरशी आहे की नाही यावर फारसे भांडण होत नाही. भांडण होते ते पाणी कुठून आले यावर. छत, बाहेरची भिंत, भिंतीतले पाइप यांतून ओल येत असेल तर दुरुस्ती साधारणपणे घरमालकाची. घरातल्या वाफेने ओल धरत असेल तर बोट भाडेकरूकडे वळते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ कारण शोधण्यात घाला. जागा पाहूनच बरेच कळते. छतावर तपकिरी कडेचा गोल डाग असेल आणि वरच्या मजल्यावर तिथेच न्हाणीघर असेल, तर पाइप किंवा फरशीचे सांधे तपासायला हवेत. पावसानंतर गडद होणारी आणि उघडीप मिळाली की फिकी पडणारी भिंत बाहेरच्या भेगांकडे किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीकडे बोट दाखवते. जमिनीलगत ओलीचा सलग पट्टा, वर पांढरे क्षार आणि रंगाचे पोपडे असतील तर ओल बहुधा खालून वर चढते आहे. ते पांढरे क्षार म्हणजे बुरशी नव्हे. पाण्याचा थेंब टाकला की ते विरघळतात, बुरशी विरघळत नाही. खिडकीभोवती, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत ठिपके असतील तर हवेतल्या वाफेचे थंड पृष्ठभागावर पाणी होते आहे. पण हा शेवटचा प्रकारही सरसकट भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. न्हाणीघराला खिडकी नाही आणि एक्झॉस्ट फॅनही नाही, तर वाफ जाणार कुठे?

शंका उरली तर दोन साध्या चाचण्या करा. साधारण ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ ते ४८ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खाली, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला जमले तर हवेतून. टेप सैल राहिली तर ही चाचणी फसते, तेव्हा कडा नीट दाबा. दुसरी चाचणी पाण्याच्या मीटरची: घरातले सगळे नळ बंद करून आकडा लिहा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा सरकला तर मीटरच्या पुढच्या लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. सांडपाण्याची गळती मात्र मीटरवर दिसत नाही, त्यामुळे आकडा स्थिर राहिला म्हणून पाइप निर्दोष ठरवू नका.

हवेतली आर्द्रता मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तो बरोबर दाखवतो का, हे पाहायला बाटलीच्या झाकणात मीठ आणि ते जेमतेम ओले होईल एवढे पाणी घालून, हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. मग दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ सापेक्ष आर्द्रता लिहा. ती सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीला पोषक हवा आहे. त्याच वहीत एक्झॉस्ट फॅन केव्हा लावला, खिडक्या केव्हा उघडल्या, कपडे कुठे वाळवले हेही टिपा. ‘तुम्ही घर बंद ठेवता’ या नेहमीच्या आरोपाला हीच वही उत्तर देते. अंघोळीनंतर फॅन २० ते ३० मिनिटे चालू ठेवा, सामान भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर दूर सरकवा. तरीही डाग वाढला तर तुमची बाजू भक्कम होते.

बुरशीची जात ओळखण्यासाठी प्रयोगशाळेवर खर्च करू नका. काळी म्हणजे विषारी, हा समज चुकीचा आहे. रंगावरून ते ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही बुरशीच्या सुरक्षित पातळीचा आकडा नाही. ओल आणि बुरशी रोखणे व हटवणे यावरच भर आहे. घरात कोणाला दमा असेल, तान्हे बाळ असेल तर डॉक्टरांकडून लक्षणांची आणि ओलसर जागा टाळण्याच्या सल्ल्याची तारखेसह नोंद घ्या. बुरशीमुळेच आजार झाला असे लिहून द्या, असा आग्रह धरू नका.

आता भाडेकरार काढा. दुरुस्ती कोणाची, कळवायचे कसे, किती मुदतीत, ही कलमे आणि घर ताब्यात घेतानाची यादी शोधा. मग लेखी कळवा, आणि उशीर न करता; गळती दिसूनही महिनोन्‌महिने गप्प राहिलात तर वाढलेल्या नुकसानाचा काही भाग तुमच्यावर येऊ शकतो. पत्रात खोली, डागाचा आकार, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, केलेल्या चाचण्या आणि नेमकी मागणी लिहा: आधी पाण्याचा उगम बंद करणे, मग खराब प्लास्टर काढणे, भिंत वाळवणे, शेवटी रंग. पाहणीसाठी घर केव्हा उघडे मिळेल हेही लिहा, म्हणजे ‘आत येऊ दिले नाही’ ही सबब उरत नाही. पोच मिळेल अशा मार्गाने पाठवा. फोनवर बोलणे झाले तर त्याच दिवशी त्याचा सारांश लेखी पाठवा.

उत्तर आले नाही तरी रागाने भाडे बंद करू नका. सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते: बुरशीची तक्रार बाजूला राहते आणि थकबाकीचा दावा उभा राहतो. भाड्यात सूट, स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करणे, भाड्याची रक्कम न्यायालयात जमा करणे हे मार्ग काही कायद्यांत आहेत, पण प्रत्येकाला आधीची नोटीस, मुदत आणि मर्यादा असते. तुमच्या भागातल्या वकिलाला किंवा भाडेकरू संघटनेला कागद दाखवूनच पाऊल उचला. स्थानिक आरोग्य किंवा इमारत विभागाची पाहणी मिळत असेल तर अहवालाची प्रत मागून घ्या.

नोंदी झाल्या की एक चौरस मीटरपर्यंतचा डाग स्वतः साफ करता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, बंद चष्मा घाला. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. कोरडा ब्रश मारला तर बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, घरभर उडतात. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. गादीसारखी सच्छिद्र वस्तू आतपर्यंत बुरशीने भरली असेल तर ती टाकावीच लागते. टाकण्याआधी फोटो आणि खरेदीची पावती जपा. सांडपाणी झिरपले असेल किंवा डाग मोठा असेल तर हात लावू नका.

कारागीर थेट रंगाचे डबे घेऊन आले तर काम थांबवायला सांगा. ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंगही टिकत नाही. आतले पाणी आणि क्षार त्याला बाहेर ढकलतात. गळती कुठे सापडली ते भिंत उघडी असतानाच पाहून घ्या. रंगाआधी मॉइश्चर मीटरचे (भिंतीतली ओल मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे घरातल्याच कोरड्या भिंतीशी ताडा. काम चालू असताना खोली वापरता येणार नसेल तर पर्यायी सोय किंवा भाडेकपात आधीच लेखी ठरवा. आणि घर सोडायचेच ठरले, तर किल्ली देण्याआधी या भिंतींचा खर्च अनामत रकमेतून कापला जाणार नाही, हे घरमालकाकडून सहीनिशी लिहून घ्या.