वळवाआधी माळावरचे श्रमदान : समतल चर कसे काढावेत

माण, आटपाडी, जतकडे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा चार-दोन दणक्यांत पडून जातो. त्यामुळे विजेची तार न पोचलेल्या वस्तीवर पोरं श्रमदानाला आली, की रंगरंगोटी बाजूला ठेवा. आधी समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले खड्डे.

चराची पातळी आखायची ए-फ्रेम घरीच बनवा. दोन मीटरचे दोन सरळ बांबू टोकाला बांधा, मध्यावर आडवी पट्टी ठोका आणि शेंड्यावरून पट्टीच्या खालीपर्यंत ओळंबा सोडा. दोन्ही पाय जिथे टेकतील तिथे खुणा करून दोरी पट्टीला लागते ती रेघ मारा. मग पाय अदलाबदल करून त्याच खुणांवर ठेवा आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांची बरोबर मधली जागा म्हणजे समतल. ही तपासणी रोज सकाळी करायची, कारण बांधणी सैल होते, बांबूचे टोक झिजते. वारा सुटला की ओळंबा ठरत नाही, म्हणून आखणी ऊन चढायच्या आत उरका. ओळंब्याला हलका खडा नको, जड नट बांधा.

माथ्यापासून खाली या. खालून सुरुवात केली, तर वरचे पाणी पहिल्याच पावसात खालचे चर फोडते. कमी उतारावर दोन ओळींत दहा मीटर, जास्त उतारावर पाच-सहा. फक्की मारून चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल, ४ मीटर लांब काढा. अशा एका चरात ७२० लिटर पाणी मावते. पुढचा चर एक मीटर जागा सोडून. खालच्या ओळीतला चर वरच्या सोडलेल्या जागेसमोर यावा. सलग लांब चर नवख्यांना देऊ नये. पातळी चार बोटे जरी चुकली, तरी सगळे पाणी एका टोकाला पळते आणि तिथे ओघळ पडतो.

माती उताराच्या बाजूला, काठापासून वीतभर लांब टाका. काठावरच टाकली, तर ती परत चरात येते. भर दाबून घ्या. मृगात तिच्यावर सीताफळ, करंज टोबता येतो.

तिघांचा गट करा : टिकाव, खोरे, घमेले. वीस मिनिटांनी कामे बदला, नाहीतर दुसऱ्या दिवशी टिकाववाला येत नाही. टिकावाचा दांडा रात्री पाण्यात बुडवून ठेवला, की लाकूड फुगून पाते घट्ट बसते. सुटलेले पाते माणसाच्या डोक्यात जाते. दगड पहारीनेच उलटा, खाली विंचू असतो. चावलाच तर मंतरबिंतर नको, थेट दवाखाना. काम सकाळी सहा ते नऊ, माणशी चार लिटर पिण्याचे पाणी.

वस्तीवर वीज नाही, म्हणून सोलरचेही गणित बघा. वीस मोबाईल एकदा भरायला साधारण ३०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० मिळतात. त्यातले अर्धे मोबाईलांनीच खाल्ले. म्हणून चार्जिंग दुपारी ऊन असतानाच. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, प्लेटा बुडलेल्या हव्यात. पॅनेल पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. वळवाचा वारा पत्रा उचलतो, तसे पॅनेलही उचलतो, तेव्हा सगळे नट आवळून घ्या.

पहिला वळीव थांबला, की लगेच खोरे घेऊन चरांवर फिरा. साचलेले पाणी पातळी स्वतःच दाखवते : एका टोकाला काठोकाठ आणि दुसऱ्या टोकाला तळ उघडा दिसला, की त्याच वेळी उघडी बाजू खोल करा आणि भरलेल्या टोकाची भर वीतभर वाढवा.