हुमणीवर सूत्रकृमी फसले, ते कशामुळे?

हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी. तिला मारायला सूत्रकृमी, म्हणजे अळीच्या अंगात शिरणारे सूक्ष्म जंत, पाण्यातून मुळाशी ओतले. या पहिल्या आळवणीनंतर आठ दिवसांनी मुळाशी उकरलं तर अळ्या धडधाकट. औषध खोटं नव्हतं, चुका आपल्याच.

हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमी टाकीत तळाला बसतात. न ढवळता सोडलं की पहिल्या सरीला गाळ, शेवटच्या सरीला नुसतं पाणी. शिवाय नोझलची बारीक जाळी त्यांना अडवते. ती काढूनच टाकावी. वेळही दुपारची होती. ऊन आणि कोरडी माती, दोन्हींत ते तासाभरातही मरतात.

दुसऱ्यांदा आधी हलकं पाणी दिलं, सूर्य मावळल्यावर आळवणी केली, वरून पुन्हा थोडं पाणी. मात्रा हेक्टरी अडीच अब्ज सूत्रकृमी. पाकीट फोडल्यावर थेंबभर द्रावण भिंगाखाली बघाच: जिवंत सूत्रकृमी वळवळतात, मेलेले काडीसारखे सरळ पडतात.

पाच-सहा दिवसांत विटकरी रंगाच्या, लिबलिबीत अळ्या सापडल्या. सडका वास नाही, हीच सूत्रकृमींनी मारल्याची खूण.

मेटारायझियम, म्हणजे अळीला मारणारी बुरशी, वेगळी टाकली, कुजलेल्या ओलसर शेणखतातून. त्याने मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी, मग हिरवी बुरशी. बुरशीनाशकाची आळवणी मागेपुढे केली तर ही बुरशीही गेलीच. मोठ्या, तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या मात्र दोघांनाही सहज बधत नाहीत.