सीएनजी बसवताना डिकी वाचवायचीय? मग या चुका टाळा

आमच्या गाडीला सीएनजी किट बसवलं तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष फक्त अ‍ॅव्हरेजवर होतं, डिकीचा विचार कोणी केलाच नाही, आणि त्याच वर्षी गणपतीला कोकणात जाताना ताम्हिणीत मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा कळलं की स्टेपनी बरोबर सिलेंडरच्या खाली अडकलीय. पाऊस, मागे ट्रॅफिक, आई गाडीत बसलेली, आणि स्टेपनी काढायची तर आधी सिलेंडरचा स्टँड सोडवायला लागणार, जो आपण रस्त्यात सोडवायचा नसतोच. शेवटी एका टेम्पोवाल्या दादाने चाक खाली नेऊन पंक्चर काढून आणलं. त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच डोकं घातलं, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे टाकीचे लिटर बघून टाकी निवडणं. ६० लिटरची टाकी म्हणजे तिच्यात ६० लिटर पाणी मावेल इतकंच, गॅस किलोत मोजतात आणि २०० बार प्रेशरला भरला तरी हातात साधारण ८ ते ९ किलोच पडतो, उन्हाळ्यात भर दुपारी तर अजून कमी कारण भरताना गॅस तापतो आणि प्रेशर लवकर चढतं. आता स्वतःचं रनिंग बघा. रोज ३०-४० किमी जाणं-येणं आणि घराजवळ पंप असेल तर लहान टाकी पुरते, आणि डिकी वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग तोच आहे. पण लोक म्हणतात किट बसवतोयच तर मोठीच घेऊया, आणि मग वर्षभर बॅगा मागच्या सीटवर ठेवून फिरतात.

दुसरी गोष्ट आकाराची. बरेच जण विचारतात की पेट्रोलची टाकी कशी चपटी, वाकडीतिकडी, सीटखाली कुठेही बसते, मग सीएनजीची तशी का नाही बनवत? कारण प्रेशर. २०० बार म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास ९० पट. एवढं प्रेशर सपाट पत्र्याला फुगवून टाकतं, गोल नळकांड्यात मात्र ते सगळीकडे सारखं वाटलं जातं, म्हणून आकार गोलच लागतो. आणि गोल वस्तू चौकोनी डिकीत ठेवली की कोपरे वाया जातात, हिशोब केला तर सिलेंडरभोवतीच्या चौकोनी जागेतली २० टक्क्यांपेक्षा जास्त जागा नुसती रिकामी राहते, शिवाय वरचा भाग गोल असल्यामुळे त्यावर बॅगही नीट टेकत नाही.

इथेच दोन सिलेंडरची आयडिया कामाला येते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या फळीखाली आडव्या बसवल्या, स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली, आणि वर सपाट डिकी मिळाली. मी कागदावर मांडून बघितलं, ६० लिटरची एक टाकी आतून ३० सेंमी व्यासाची धरली तर लांबी साधारण ८५ सेंमी येते, तेच ३० लिटरच्या दोन टाक्या २३ सेंमी व्यासाच्या केल्या तर प्रत्येकी ७२ सेंमीच्या आसपास. उंची ७ सेंमीने कमी, आणि डिकीत उंचीच महत्त्वाची असते. पोलादही फारसं जास्त लागत नाही, कारण नळकांडं जितकं बारीक तितकी त्याची भिंत पातळ चालते. पण इथे एक गैरसमज आहे, डिकी पूर्ण वाचत नाही. पेट्रोल अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटर होती, सीएनजीची २१०. म्हणजे १३५ लिटर गेलेच, फक्त उरलेली जागा वापरण्यासारखी आहे. नंतर ह्युंदाईनेही एक्स्टरमध्ये दोन सिलेंडर दिले आणि मारुतीने व्हिक्टोरिसमध्ये टाकी थेट गाडीच्या खाली नेली.

हे बघून आता गॅरेजमध्ये जाऊन "माझी पण टाकी खाली बसवून दे" म्हणणारे भेटतात, आणि ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक आहे. कंपनीने खाली टाकी दिली तेव्हा चॅसी, सायलेन्सरचा मार्ग, जमिनीपासूनची उंची, मागून धडक बसली तर काय होईल, सगळं त्याप्रमाणे बनवलेलं असतं. बाहेरचा फिटर तिथे अँगल मारून टाकी लटकवणार, खालून स्पीडब्रेकर, दगड, पावसाचं पाणी, शेजारी तापलेला सायलेन्सर. कृपया नको. तसंच कोणी एलपीजीची गोल, स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी टाकी दाखवून "हीच वापरू" म्हणाला तर तिथून निघा, ती अगदी कमी प्रेशरसाठी असते, सीएनजीसाठी चालतच नाही.

डिकीत फिटिंग करून घेताना तिथे स्वतः उभं राहा. फ्लोअरला भोक पाडायच्या आधी खाली काय आहे ते बघायला लावा, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप तिथेच कुठेतरी असतात. सिलेंडरवर वेल्डिंग कधीच नाही, अगदी छोटा टाका पण नाही. पट्ट्याखाली रबर हवंच, नाहीतर धातूवर धातू घासतो आणि ओल धरून गंज चढतो. आणि स्टेपनी सिलेंडर न हलवता बाहेर निघते का ते तिथेच काढून बघा, हे मी ताम्हिणीत शिकलो. निघत नसेल तर स्टेपनी उभी ठेवायचा स्टँड करून घ्या.

मग येते सजावट. सिलेंडर दिसायला नको म्हणून लोक प्लायवूडचा बॉक्स करून वर कार्पेट लावतात. दिसतं छान, पण व्हॉल्व्हवर जी पिशवी असते आणि तिच्यातून जो पाइप गाडीच्या बाहेर जातो तो बॉक्स बसवताना दबला किंवा निघाला, तर गळलेला गॅस बाहेर जायचा तो डिकीत साठतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, म्हणजे वर चढून सरळ केबिनमध्ये. व्हॉल्व्हची चावी हाताला लागत नाही आणि टेस्टिंगच्या तारखेची प्लेटपण झाकली जाते, ती पंपावर बघतात. फळी लावायचीच असेल तर उचलता येणारी लावा, खिळे मारून बंद करू नका.

आधीच बसवून झालंय आणि त्रास होतोय त्यांच्यासाठी थोडं. गाडी मागून बसल्यासारखी वाटते, खड्ड्यात धप्प आवाज येतो, तर लोखंडी टाकीचं वजन भरल्यावर मागे एक माणूस कायम बसल्यासारखं असतं हे लक्षात घ्या, मागच्या टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा आणि स्प्रिंग तपासून घ्या. वास येत असेल तर गाडी उघड्यावर लावा, व्हॉल्व्ह बंद करा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी लावून कधीच नाही. दोन टाक्या असतील तर व्हॉल्व्ह आणि सांधे पण दुप्पट, सगळे तपासा. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्टिंग, म्हणजे पाण्याच्या प्रेशरने टाकीची तपासणी, दोन्हींची करावी लागते, एकीची करून भागत नाही. जुन्या गाडीतून काढलेला सिलेंडर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, आणि किट आरसीवर आणि इन्शुरन्सवर चढवलंय ना ते आजच पेपर काढून बघा.

आणि अजून किट घेतलं नसेल तर शोरूमला किंवा गॅरेजला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि तसंच किट बसवलेल्या गाडीच्या डिकीत ठेवून झाकण लावून बघा.