एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलंय? मग आता नेमकं काय काय करायचं

एच. पायलोरी हा पोटात राहणारा बॅक्टेरिया आहे आणि जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात तो असतो असं मानलं जातं, त्यामुळे रिपोर्ट बघून लगेच हातपाय गाळू नका. पण नुसती अ‍ॅसिडिटी समजून सोडूनही देऊ नका, कारण १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींच्या यादीत. इन्फेक्शन असलेल्या शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांनाच पुढे पोटाचा कॅन्सर होतो. बाकीच्यांना होत नाही, पण आपण कुठल्या बाजूला हे आधी कोणी सांगू शकत नाही ना, म्हणून उपचार करायचे.

होतं काय, तर हा बॅक्टेरिया बहुतेक वेळा लहानपणीच घरातल्या कोणाकडून तरी येतो आणि वर्षानुवर्षं पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आणत राहतो, मग काहींचं अस्तर पातळ होतं, पुढे काहींच्या पोटात आतड्यासारख्या पेशी तयार व्हायला लागतात आणि त्यातूनच पुढे काही जणांना कॅन्सर. या सगळ्याला बरीच दशकं लागतात आणि तेवढाच आपल्याला वेळ मिळतो. सिगारेट आणि खूप खारट खाणं याने धोका अजून वाढतो, तर ते आजच कमी करा.

टेस्ट कुठली करायची? रक्ताच्या टेस्टवर अवलंबून राहू नका, इन्फेक्शन जाऊन बराच काळ झाला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ब्रेथ टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट चांगली. ब्रेथ टेस्टमध्ये खास कार्बन असलेला युरिया पोटात घ्यायचा, थोडा वेळ बसायचं आणि पिशवीत किंवा नळीत फुंकायचं, बॅक्टेरिया असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासातून बाहेर येतो. मात्र ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल असल्या अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आधी आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद हव्यात, नाहीतर बॅक्टेरिया असूनही निगेटिव्ह येतं. कुठली गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा.

उपचार म्हणजे अ‍ॅसिड कमी करणारी गोळी आणि सोबत दोन-तीन औषधं, बहुतेक वेळा १४ दिवस. गोळ्या भरपूर असतात, तोंड कडू होतं, मळमळतं, आणि पाच-सहा दिवसांत बरं वाटायला लागलं की लोक सोडून देतात. प्लीज असं करू नका! अर्धवट कोर्समुळे बॅक्टेरिया अँटिबायोटिकला दाद देईनासा होतो आणि पुढच्या वेळी जास्त त्रासाची औषधं घ्यावी लागतात. बिस्मथ चालू असेल तर जीभ आणि शौच काळी होते, ती औषधामुळे, घाबरू नका. मेट्रोनिडॅझोल असेल तर दारू बंद. टेट्रासायक्लिन दुधासोबत घेऊ नका. आधी कधी कुठलं अँटिबायोटिक झालंय तेही डॉक्टरांना सांगा, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन.

आता सगळ्यात जास्त चुकवली जाणारी पायरी, म्हणजे दुसरी टेस्ट. जळजळ थांबली म्हणजे बॅक्टेरिया गेला असं अजिबात नाही, म्हणून औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी परत ब्रेथ किंवा शौचाची टेस्ट करायचीच आणि त्याआधीही अ‍ॅसिडच्या गोळ्यांचं तेच दोन आठवड्यांचं पथ्य. कोर्स संपतो त्याच दिवशी डॉक्टरांकडून तारीख ठरवून घ्या, नंतर करू म्हटलं की राहूनच जातं. पॉझिटिव्ह आली तर वेगळी औषधं देतात, तीच परत नाही.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला पोटाचा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसला तरी टेस्ट करून घ्या. आणि एंडोस्कोपीच्या (तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात ती) बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, अस्तर पातळ झालंय किंवा पेशी बदलल्यात असं लिहिलं असेल तर बॅक्टेरिया गेल्यावरही धोका पूर्ण जात नाही, पुढची एंडोस्कोपी कधी ते विचारून ठेवा.

वजन विनाकारण उतरतंय, गिळताना अडकतंय, दोन घासांत पोट भरतंय, उलटीत रक्त आहे किंवा बिस्मथ चालू नसताना शौच डांबरासारखी काळी होतेय, तर ब्रेथ टेस्टच्या नादी न लागता लगेच डॉक्टर गाठा, रक्ताची उलटी असेल तर सरळ इमर्जन्सीत.